वर्गातली वारणा नदी
बिस्किटाचा पुडा फोडला की मला आठवीतला इतिहासाचा तास आठवतो. पार्ल्यातल्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर कारखान्यातून भाजत्या बिस्किटांचा गोड वास यायचा आणि अर्धा वर्ग पेंगायचा. त्या दिवशी तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते, आणि सातारा-कोल्हापूरच्या गादीचा वाद सांगायला बाईंनी नेमकं मलाच उठवलं. सनावळी पार उडालेली. घाबरून मी म्हणाले, “बाई, समजा राजा म्हणजे आपला मॉनिटर. तो मुघलांच्या कैदेत, म्हणजे काविळीनं घरी अडकला. तोवर त्याच्या काकूनं, म्हणजे एका मुलीनं वर्ग सांभाळला. तो परत आला तर ती म्हणते, हा तो नव्हेच, तोतया आहे! मग दोन गट, मारामाऱ्या, शेवटी तह. बाकांमधली ही वाट म्हणजे वारणा नदी. इकडचे बाक साताऱ्याचे, तिकडचे कोल्हापूरचे.” वर्ग खदखदून हसला. साहेबांच्या कपाळावर आठ्या. “हे पुस्तकात कुठंय?” बाई शांतपणे म्हणाल्या, “पुस्तकात नाही साहेब, तिच्या डोक्यात आहे. बस गं. उद्या पेशवाई तूच सांगायचीस.” आता मीच इतिहास शिकवते. कुणी उत्तर देताना चाचरलं, की बाईंना मनातल्या मनात नमस्कार करून मी म्हणते, “घाबरू नकोस रे. समजा, हे आपल्याच वर्गात झालं...”