श्रावण मिस्त्रीकडे निघालेला कोड

वंदना. वडशाच्या श्रावणभाऊ मिस्त्रींची थोरली मुलगी. २००७ ची दिवाळी, भाऊबीजेनंतरचा पहिला सोमवार, आमच्या मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा दिवस, भर दुपार — तेव्हा तिच्यावर अन्याय झाला. करणारा मी. हे मी आईला सांगितलेलं नाही, ग्राहक मंडळाच्या बैठकीत सांगितलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय.

पत्रकं लिहिणं हे माझं काम. रेशन दुकानातली खोटी मापं, रद्द होणाऱ्या एसटीच्या फेऱ्या, दवाखान्याला लागलेलं कुलूप — सगळ्यांवर लिहिलं आणि प्रत्येक पत्रकाखाली सही केली. मग एकाच पत्रकाखाली सही का नव्हती? येतो तिथे. आधी गाडीचं सांगू द्या — बघा, अजूनही मी गाडीच्या आड लपतोय.

आमच्या ग्राहक मंडळाकडे एक सेकंडहँड पेट्रोल गाडी होती. तिच्या स्टिअरिंगसमोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. श्रावणभाऊंनी सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर बदलून दिला. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला. ते म्हणाले, दोन दिवस गाडी सोडून जा, हवेचे पाइप पाहावे लागतील. मी मनात म्हटलं, घ्या, लूट सुरू झाली. सगळे मिस्त्री चोर, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पुरावा तेवढा राहिला होता.

पुरावा आणायला नागपूरला गेलो. घरीच गाडीला जोडून बिघाडाचा नंबर वाचायचं यंत्र — कोड रीडर — तिथे मिळतं असं कळलं होतं. दुकानदारानं काचेवर तीन ठेवले. सगळ्यांत स्वस्त होता तो फक्त नंबर दाखवणार आणि पुसणार. मधला इंजिन चालू असताना सेन्सर काय मोजतोय तेही दाखवणार. तिसरा गॅरेजवाल्यांचा. दुकानदार म्हणाला, घरच्यासाठी मधला घ्या, नुसत्या नंबरावर जाऊ नका. वर एक वाक्य बोलला, ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

"नंबर म्हणजे तक्रार, साहेब. फैसला नाई."

मला वाटलं, हाही महागातलं गळ्यात मारतोय. स्वस्तातला उचलला.

अंगणात गाडी उभी करून स्टिअरिंगखाली यंत्राची पिन खोचली. नंबर आला. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत त्या नंबरापुढे त्याच सेन्सरचं नाव. झालं! मिस्त्रीनं जुनाच सेन्सर पुसून बसवला, नव्याचे पैसे घेतले. वाकून नळीखाली पाहायला किती वेळ लागला असता? सेन्सर नवा आहे की जुना, हे पोरालाही कळलं असतं. नाही पाहिलं. तक्रारी लिहूनच मोठा झालेला माणूस मी — आणि तक्रारीला फैसला समजलो.

पत्रक एका बैठकीत लिहिलं. मथळा: "श्रावण मिस्त्रीकडे कोड निघाला!"

आता तुम्ही थांबलात ना? मलाही थांबता आलं असतं. कोड म्हणजे आपल्याकडे काय, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. अंगावरचे पांढरे डाग. गाडीला कोड असतो, हे वडशात तेव्हा किती जणांनी ऐकलं होतं? छापखान्यातल्या कंपोझिटरनं कागद हातात धरून ठेवला. "भाऊ, लोकं अलग समजतीन."

मी म्हणालो, "समजू द्या. वाचतीन तं खरं."

हीच कबुली आहे. हे चुकून झालं नाही — मला माहीत होतं. दोन अर्थांचा मथळा सुचला म्हणून मी स्वतःवर खूश होतो. आणि खूश असूनही खाली सही केली नाही. "एक जागरूक ग्राहक" एवढंच छापलं. सही करायला हात का धजला नाही, हे माझ्या हाताला माझ्याआधी कळलं होतं.

मंडईचा दिवस तुम्हाला सांगायला नको. पाहुणे येतात, दंडारीचा नाच-खेळ होतो, रात्रीच्या नाटकाची तिकिटं निघतात आणि दुपारी कुठेतरी सतरंजीवर सोयरिकी ठरतात. वंदनाचं आरमोरीकडच्या मुलाशी ठरत आलं होतं. मुलगा तिला पसंत होता. त्या दुपारी मुलाकडचे पानसुपारीला यायचे होते. मंडईत माझी पत्रकं वाटली जात होती; वाटेत कोणीतरी त्यातलं एक त्यांच्या हातात दिलं. मुलाच्या आजोबांना वाचता येत नव्हतं, त्यांनी दुसऱ्याकडून मथळा वाचून घेतला. मजकूर कोण वाचतो? पाहुणे बाजारातूनच परतले. निरोप आला — सध्या राहू द्या.

नातेवाईक म्हणाले, पोरीला घेऊन आरमोरीला जा, हातपाय दाखवून या, शंका मिटेल. वंदनानं सरळ सांगितलं, "मी का बैल हावो, फिरवून दाखवाले?" ती गेली नाही. सोयरीक मोडली.

तुम्हाला राग येतोय? मलाही आला होता, मोठा राग — त्या आजोबांवर, आरमोरीवर, अडाणी समाजावर. दोन बैठकांत मी त्यावर भाषणं ठोकली. तिला कोड नाही हो, पोरगी निर्मळ आहे, असं गावभर सांगत फिरलो. निर्मळ! म्हणजे डाग असते तर मळकी? असते तरी काय बिघडलं असतं — हे एका शब्दानं तरी बोललो का? नाही. समाज अडाणी आणि मी कोण?

पुढचं सांगतो. आठवड्यानं श्रावणभाऊ माझ्याच दारात आले. कागद घडी करून खिशात. कोणी लिहिला, त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की गावात लिहिणारा मी आहे.

"भाऊ, तुमी लिवता चांगलं. माया पोरीसाठी एक कागद लिवून द्या. गाडीतला कोड हाये म्हना, आंगावरचा नाई."

मी काय केलं? अशा गोष्टींना उत्तर दिलं की त्या वाढतात, भाऊ — असं म्हणालो. शहाण्यासारखी मान हलवली. ते उठले. अंगणातल्या गाडीचा दिवा अजून लागतोच का, विचारलं. माझं हो-नाही व्हायच्या आत बॉनेट उघडलं आणि इंजिनावरचा रबरी पाइप वाकवून मला दाखवला. खालच्या बाजूनं चिरलेला. तिथून फुकट हवा आत जाऊन राह्यली, सेन्सर बिचारा खरं तेच सांगून राह्यला, म्हणाले. त्यांनी पट्टी गुंडाळली. नळीत त्यांचा नवा सेन्सर चकचकत होता. तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मजुरी घेतली नाही. दिवा परत लागला नाही.

त्यानंतरही मी गप्प बसलो. दोन मंडया गेल्या. त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. वंदना नाटक कंपनीचे पोशाख शिवते. रस्त्यात दिसली की नमस्कार करते, कारण मी समाजासाठी झटणारा माणूस आहे.

स्वस्त यंत्रानं हे केलं नाही. ते इमानदार होतं, जेवढं ठाऊक तेवढंच बोललं.

तो कागद अजून घराघरांत आहे. कोणाच्या डब्याच्या तळाशी, कोणाच्या फडताळावर. तुमच्याकडे असेल तर काढा. "एक जागरूक ग्राहक" खोडा आणि त्याजागी माझं नाव लिहा — दिनेश, ग्राहक मंडळवाला. मग घरातल्या म्हाताऱ्यांना तो वाचून दाखवा, मथळ्यापासून नावापर्यंत. आणि लिहाल ते पेननं लिहा, पेन्सिलीनं नको.