वहिनीच्या कानातला श्वास
तेलंगणातल्या बेल्याजवळच्या आमच्या मराठी गावात वहिनी बाळंत झाली, ती मेलेल्या मुलाला जन्म देऊन. थोड्याच दिवसांत तिच्या एका कानात आवाज सुरू झाला.

"बाई, कोनी तरी श्वास घेऊन राह्यलं," ती मला म्हणाली.

मी तिची धाकटी नणंद, नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. मला तो दुःखाचा भास वाटला. आईला वाटलं, बाहेरचं काही असेल. अंगारे लावले, लिंबू उतरवले. वहिनी मात्र भीत नव्हती. तो कान उशीवर दाबून, डोळे मिटून ती ऐकत पडायची.

एका दुपारी सगळे कापूस वेचायला गेले होते. "तुमीच आयका," म्हणत तिनं माझं डोकं ओढून आपल्या कानामागे टेकवलं. फुस्... फुस्... फुस्. भास तिचा असता, तर मला कसा ऐकू आला असता?

आदिलाबादच्या डॉक्टरांनी कानामागे तिथंच स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचाही चेहरा बदलला. त्यांनी हैदराबादला पाठवलं. दादा आणि मी तिला घेऊन गेलो.

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नव्हता. जोडवी साबण लावून काढली, मंगळसूत्र माझ्या मुठीत दिलं. यंत्राच्या खडखडाटातून बाहेर आली तेव्हा ती रडत होती. "आतमधी तो आयकूच नाही आला."

डॉक्टरांनी फोटो दाखवला. कानामागं रक्तानं चोरवाट काढली होती, तिथून वाहणाऱ्या रक्ताचाच तो आवाज होता. बाळंतपणात तिथली शीर गुठळीनं तुंबते, तेव्हा असं कधी कधी होतं, ते म्हणाले. त्या फोटोवरून वाट ठरवून जांघेतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेणार होते आणि ती जागा बुजवणार होते.

"राहू द्या ना," वहिनी म्हणाली.

"अवं, डोक्यात रक्त फुटलं तं मरशील," दादा तिचा हात धरून म्हणाला. त्याच्याकडे पाहून ती तयार झाली.

भूल फक्त जांघेपुरती होती. "हलू नोका म्हने. अन् एकदम थांबलं," तिनं नंतर सांगितलं. मी पुन्हा कान लावला. काहीच नव्हतं.

परतताना बसमध्ये मी उत्साहानं समजावत होते, की ते भूतबित नव्हतं, बाळंतपणातूनच आलं होतं.

ती खिडकीबाहेर बघत होती. "म्हंजे, होता तो श्वास बाळाच्याच पायी."



वहिनी बरी झाली. पुढं तिला मुलगी झाली, शेतीही तिनं हिमतीनं केली. पण घरात सामसूम झाली की ती उठून रेडिओ लावायची. बहुतेक वेळा तेलुगू बातम्या चालू असायच्या. तिला तेलुगू येत नव्हतं.