आप्पांचा कोयता

आप्पा कामाबद्दल कधी बोलत नसत. वाकून बघत, मान हलवत आणि कुणालाही न विचारता हात घालत. कामण गावातल्या गोदामात मी प्रदर्शनांची दालनं बांधून घेते. कारागीर पुष्कळ पाहिले, इतका हट्टी दुसरा नाही.

आप्पा जवळच्याच सांडोर गावचे. केळीची वाडी, वय सत्तरीपुढे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी एका दालनाचं काम मला मिळालं होतं. छप्पर केळीच्या पानाच्या आकाराचं: बांबूचा सांगाडा, त्यावर तागाचं जाड कापड. खिळा एकही नको, ही अट. म्हणून बांधणीला आप्पांना आणलं. केळीच्या खोडाची वाळकी साल, सोपट, भिजवून ते अशी गाठ मारत, की ती सुटायचं नाव घेत नसे.

"आप्पा, कुठे शिकलात?" आमच्या तरुण वास्तुविशारद बाईंनी विचारलं.

"पडवळाच्या मांडवाखाली. दोन-चार पडवळं डोक्यात पडली की येतं."

छप्पर गोदामाबाहेर उभं राहिलं. दोन दिवसांनी दिल्लीचे लोक तपासायला येणार होते. नापसंत झालं तर काम जाणार. आदल्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर आप्पा शिडीवर, हातात कोयता. अर्ध्या छपराला मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत चिरा!

"हे काय केलंत?"

"बाय, वाऱ्यात केळीचं पान बघितलंस कधी? ते फाटतं, म्हणून केळ उभी राहते. तुझं पान फाटायलाच तयार नाही."

"खाली उतरा. पुन्हा येऊ नका."

उतरले, कोयता पुसला, गेले.

दुपारी वारा सुटला. न चिरलेली बाजू शिडासारखी फुगली आणि बांबूंसकट कुंपणावर जाऊन आदळली. चिरलेली बाजू नुसती फडफडत राहिली. मी रिक्षा पकडून सांडोर गाठलं.

आप्पा केळीला टेकू देत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुझं कसलं? न विचारता कोयता मी चालवला. माझ्या वाडीत कुणी असं केलं असतं, तर त्याला उभाच चिरला असता."

"मग चला ना."

"काढलेला माणूस परत येत नाही. उरलेलं तू चीर."

संध्याकाळपर्यंत पडलेली बाजू पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या पाहुण्यांसमोरच मी शिडीवर चढले. पहिली चीर दिली तसं खालून कुणीतरी किंचाळलं, "मॅडम, ये क्या कर रही हैं?" केळीच्या पानाचं मग मलाच सांगावं लागलं.

छप्पर दिल्लीला गेलं, उभं राहिलं. पुढच्या दोन कामांना आप्पांना बोलावलं, आले नाहीत. सुनेकडून निरोप तेवढा आला: "तिला सांग, आता तिचं तिला येतं."