नोंद नसलेला शिक्का

बुधवारी सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी श्यामसुंदर चिंदरकर एका शिक्क्याच्या रबराची कड ब्लेडने साफ करत होते. शिक्का आठ आठवड्यांपूर्वीच तयार झाला होता, पुन्हा साफ करायची गरज नव्हती. पण ज्यांच्या नावाचा तो होता त्या उपसंचालक गंधाली सबनीस आज पहिल्यांदा कार्यालयात येणार होत्या, आणि चिंदरकरांचा अर्ज त्यांच्यापुढे पडून होता.

अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या एका गल्लीत हे सात मजली सरकारी कार्यालय आहे. त्याच्या जिन्याखालच्या सहा बाय चार फूट जागेत चिंदरकर एकतीस वर्षं रबरी शिक्के करत आले. जागेची परवानगी दर वर्षी तीस जूनला संपते. ते हाताने अर्ज लिहीत, आवक खिडकीवर देत, आणि आठवड्याभरात सही होऊन येई. यंदा आवक खिडकी बंद होती. मुख्य लिपिक दीप्ती गोरे यांनी अर्जाचा फोटो काढून तो संगणकावर चढवला. त्याला महिना झाला होता. आज पंचवीस जून.

अधिकारी बदलला की शिक्का आधी आणि मागणीपत्र नंतर, अशी इथली पद्धत. बदलीचा आदेश फलकावर लागला की चिंदरकर कोणी सांगायची वाट बघत नसत. नाव आणि हुद्दा उतरवून घेत, आणि नवे साहेब रुजू व्हायला येत तेव्हा टेबलावर शिक्का आणि शाई भरलेलं पॅड तयार असे. साहेबांना बरं वाटे. जाणाऱ्या साहेबांचा शिक्का चिंदरकरांकडे परत येई. तो दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये म्हणून मुख्य लिपिकासमोर ते त्याचं रबर कापून काढत आणि लाकडी मूठ पुढच्या साहेबांसाठी ठेवत. काही मुठींवरून सहा-सहा साहेब होऊन गेले होते.

सबनीस बाई एप्रिलअखेर रुजू झाल्या त्या मुलुंडच्या आपल्या घरातूनच. दोन वर्षांपूर्वी निघालेल्या आदेशाप्रमाणे इथले कर्मचारी आठवड्यातले चार दिवस घरून काम करतात. बुधवारी यायचं असतं, पण बुधवारीही निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. गल्लीने हे लवकर ओळखलं. कोपऱ्यावरचं उडपी हॉटेल गेलं, तिथे आता पार्सलचं गोदाम आहे. झेरॉक्सच्या तीन दुकानांपैकी एक उरलं. गजरेवाली विमला साडेपाचला फाटकाशी बसायची, ती मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांपाशी गेली. ज्यांना हलता आलं ते हलले.

चिंदरकरांनाही हलता आलं असतं. त्यांचा भाचा नितेश याचं दहिसरला छपाईचं दुकान आहे, आजूबाजूला वकिलांची ऑफिसं. आदेश निघाला त्याच महिन्यात तो म्हणाला होता, "मामा, अर्धा काउंटर तुझा. वकिलांना शिक्के लागतातच. ये झटकन."

"अरे, शिक्का काय घरून मारतात? येतील सगळे परत," चिंदरकर म्हणाले होते. वीस साली दीड वर्ष कुलूप होतं आणि मग सगळे आले होते, तेव्हा हेही निवळेल असं त्यांनी धरलं. त्यांच्या पत्नी उत्तराबाई मूळच्या मालवणकडच्या. त्या तेव्हापासून एकच वाक्य ऐकवतात, "मी तुमका तेव्हाच सांगलंय, नितेशाकडे जावा."

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरून बोलावणं आलं. चिंदरकरांनी शर्ट नीट खोचला. जिना चढताना त्यांनी वाक्य मनात जुळवलं: मॅडम, एकतीस वर्षं आहे, कोणाची तक्रार नाही, एवढी सही करा.

सबनीस बाई पस्तिशीच्या होत्या. टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्या शेजारी तो शिक्का. चिंदरकरांनी सकाळीच नेऊन ठेवला होता.

"काका, हा कोणी करायला सांगितला?"

"कोणी नाही, मॅडम. पद्धत आहे."

"छान झालाय. पण मी सही संगणकावरच करते. शिक्का कधी लागलाच नाही."

दीप्ती गोरे बाजूला एक मोठं खोकं घेऊन उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, "सगळं टपाल ऑनलाइन झालंय. जुने शिक्के असे पडून राहणं बरोबर नाही. यादी केलीय, सेहेचाळीस आहेत. आज इथेच मोडून द्याल?"

चिंदरकरांनी खोक्यात पाहिलं. आवक, जावक, तातडीचे, खरी प्रत. त्यातला प्रत्येक त्यांच्या हातचा होता.

"मोडतो. मॅडम, माझा तो अर्ज..."

"पाहिला मी. त्यावर मी सही करून उपयोग नाही, काका. जुलैअखेर आपण ही इमारत मालकाला परत करतोय. सांताक्रूझच्या कार्यालयात दोन खोल्या मिळाल्यात, बुधवारपुरत्या. तुम्हाला हे आधी कळवायला हवं होतं. राहून गेलं."

"तिथे जिन्याखाली..."

"तिथे मला अधिकार नाही हो."

जुळवलेलं वाक्य चिंदरकरांनी म्हटलंच नाही. त्यांनी ब्लेड काढलं आणि विचारलं, "कुठून सुरू करू?"

काम पावणेदोन तास चाललं. दीप्ती गोरे यादीतला क्रमांक वाचत, चिंदरकर रबर कापून बाजूला टाकत. उलटी अक्षरं वाचायची सवय असल्याने त्यांना यादी लागत नव्हती. एकदा ते म्हणाले, "हा दोनदा केला होता. पहिल्यात कार्यालयाचं नाव चुकलं होतं."

"चूक तुमची?"

"तुमच्या आधीच्या हेडक्लार्कची. त्यांनी लिहून दिलं तसं मी केलं."

"बघा, मेलेल्या माणसावर ढकलताय," दीप्ती हसल्या. चिंदरकरही थोडे हसले.

सेहेचाळीस संपले. टेबलावर एक उरला. दीप्तींनी यादी दोनदा चाळली.

"मॅडमचा यादीत नाही. मागणीपत्रच निघालं नव्हतं. नोंद नाही तर मोडला असं दाखवू कसं?"

"मग राहू दे की," चिंदरकर पटकन म्हणाले.

सबनीस बाईंनी लॅपटॉपवरून मान वर केली. "नको काका. माझं नाव आणि हुद्दा आहे त्यावर. उद्या कोणी कुठे मारला तर? दीप्तीताई, सत्तेचाळीस करा, पेनाने लिहा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या कोणाचा शिक्का असता तर चिंदरकरांनीही हेच सांगितलं असतं. त्यांनी रबर कापलं. ते इतरांपेक्षा नवं होतं, त्यामुळे निघायला वेळ लागला.

"मुठी घेऊन जा तुम्ही," दीप्ती म्हणाल्या.

"कशाला? कोणासाठी?"

तरी त्यांनी त्या पिशवीत भरल्या. खाली येऊन ते स्टुलावर बसले आणि नितेशला फोन लावला. दोन वर्षांत या विषयावर त्यांनी स्वतःहून केलेला हा पहिलाच फोन.

"मामा, काउंटर गेला रे. दीड वर्ष झालं, मोबाइलवाल्याला दिला. तू नाही म्हणालास ना."

"हो. मीच म्हणालो."

नितेश म्हणाला, "लॅमिनेशनला माणूस पाहिजे मला. उभं राहायचं काम आहे पण. दहा तास. जमेल?"

"जमवतो."

"शिक्क्याचं काही आलं तर तूच कर. महिन्याला एखाद-दुसरा येतो."

"कधी येऊ?"

"उद्यापासूनच ये. आणि ऐक, वेळेवर हां. माझ्याकडे मामा-बिमा चालत नाही," नितेश म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

चिंदरकरांनी घरी फोन केला नाही. उत्तराबाईंना समोरासमोर सांगायचं त्यांनी ठरवलं, म्हणजे त्या जे म्हणतील ते एकदाच ऐकून घेता येईल. शिक्क्यांचं रबर दाबायचं यंत्र न्यायला टेम्पो रविवारी मिळणार होता, म्हणून रखवालदाराला त्यांनी तसं सांगून ठेवलं.

उद्या गुरुवार आहे. नितेशचं दुकान दहिसर पूर्वेला, स्टेशनपासून सात मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि ते सकाळी साडेनऊला उघडतं.