रेक्झिनचं कव्हर आणि गौरीचा लॅपटॉप

आमच्या टीव्हीच्या रिमोटला मी स्वतः शिवलेलं रेक्झिनचं कव्हर आहे आणि त्यातून एकही बटण दिसत नाही.

अंदाजाने दाबायचं. बातम्या लावायला जावं तर बऱ्याचदा कुठलीतरी कन्नड मालिका लागते, आणि एकदा लागली की मी तीच बघत बसतो. पण रिमोट अकरा वर्षांचा आहे आणि नव्यासारखा आहे. (नव्यासारखाच राहणार. त्याला उजेड लागलेला नाही.)

पंचवटीत दिंडोरी नाक्याजवळ माझं सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकली, रिक्षा, क्वचित एखादा ट्रॅक्टर. पाटीवर लिहिलंय, 'शिवण उसवली तर पैसे परत'. पंचवीस वर्षांत कोणी परत आलेलं नाही. हा स्वभाव संध्याकाळी दुकानातच ठेवून घरी यायला हवं होतं, ते मला जमलं नाही. घरात मिक्सरला कव्हर आहे, सिलिंडरला आहे, पाण्याच्या मोटरला आहे. माझी मुलगी गौरी शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, "आमच्या घरात कव्हर नसलेली मी एकटीच."

घरात आम्ही दोघंच. गौरीची आई, सुनंदा, जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून स्वयंपाक अर्धा अर्धा, भांडण पूर्ण, असं आमचं चाललेलं होतं. यंदा गौरी बी.एस्सी. झाली आणि हैदराबादच्या एका विद्यापीठाची एम.एस्सी.ची लेखी परीक्षा पास झाली. राहिली होती फक्त मुलाखत. तीही घरी बसून, कॉम्प्युटरवर, अर्धा तास. त्यात निवड झाली तर दोन वर्षं हैदराबाद.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगत होतो. सीट दुचाकीचं असो की रिक्षाचं, माप घेताना हैदराबाद यायचंच. रात्री जेवताना मात्र मी मोजत होतो की दोन वर्षं म्हणजे किती वेळा एकट्याने जेवण. याबद्दल गौरीशी मी एक शब्द बोललो नाही. उलट म्हणालो, "तुला लॅपटॉप मी घेणार. मुलाखतीलाही होईल, तिकडेही होईल. दोन वर्षं काय, दहा वर्षं टिकेल असा घेणार."

ती म्हणाली, "पप्पा, दहा वर्षं कोणाचाच टिकत नाही."

"कव्हर घातलं नाही तर नाही टिकत."

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

लॅपटॉपच्या दुकानात गेलो तेव्हा गौरीच्या हातात एक कागद होता. मेमरी किती, बॅटरी किती तास, वजन दीड किलोच्या आसपास, हैदराबादला सर्व्हिस सेंटर आहे का, असं सगळं नीट लिहिलेलं. माझ्याकडे कागद नव्हता. माझ्याकडे अंगठा होता. आमच्या धंद्यात सगळं अंगठ्यावर चालतं. फोम दाबायचा, सोडायचा. परत वर आला तर माल चांगला. मी पहिल्या लॅपटॉपचा पडदा अंगठ्याने दाबला. आत डांबरी रस्त्यावरच्या ऑइलसारखे रंग पसरले.

"काका, स्क्रीन दाबू नका," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"परत आली की जागेवर."

"आली, पण दाबू नका."

मग मी दोन लॅपटॉप दोन हातांत घेतले. उजव्या हातातला हलका लागला. "यात माल कमी दिसतोय."

"काका, तो हलका आहे म्हणूनच महाग आहे."

"म्हणजे कमी माल, जास्त पैसे?"

"पप्पा," गौरी दात आवळून म्हणाली, "तो मला रोज पाठीवर न्यायचाय. सीट बनवायचं नाहीये त्याचं."

मी गप्प झालो. गप्प झालो म्हणजे बोलणं थांबवलं, हात चालू होते. मी झाकण उघडत होतो, मिटत होतो. सगळं ओझं बिजागरीवर असतं हे मला रिक्षाच्या सीटवरून माहीत आहे. पंधराव्या वेळी सगळ्यात स्वस्त लॅपटॉप कुरकुरला. दुसऱ्याचं झाकण तेविसाव्या वेळी डुलायला लागलं. (मी मोजत नव्हतो. गौरी मोजत होती, आणि आजूबाजूची गिऱ्हाइकंही.) तिसरा लॅपटॉप काउंटरवरच्या मुलीने माझ्यापासून जरा लांब ठेवला, पण मी वाकून त्याच्यापर्यंत पोचलो. तो हलला नाही.

"याची बिजागरी धातूची आहे," मी म्हणालो.

काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर माहिती बघितली. "हो काका. यात मेटलची आहे."

मेमरी कागदाप्रमाणे निघाली, बॅटरीही. वजन दीड किलोला थोडं वर आणि किंमत चाळीस हजारांच्या थोडी आत. घेतला. स्कूटरवर मागे बसलेली गौरी खोकं मांडीवर धरून म्हणाली, "बिजागरीचं तुमचं बरोबर होतं हं पप्पा."

मी स्कूटर उगाचच लांबच्या रस्त्याने नेली.

इथेच थांबलो असतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी गौरी मैत्रिणीकडे गेली आणि लॅपटॉप टेबलावर एकटा राहिला. उघडा. मला बघवेना. मी तो दुकानात नेला. मरून रेक्झिन, आत दुहेरी फोम, कडेने पिवळी पायपिंग. पाठीवर पिवळ्या रेक्झिनमध्ये कापून 'गौरी' अशी अक्षरं लावली. शेवटची शिवण कव्हर चढवून, हाताने, नायलॉनच्या दोऱ्याने घातली. दुहेरी टाका.

सकाळी तिने बघितलं आणि पिवळ्या पायपिंगवरून बोट फिरवलं.

"पप्पा, रिक्षा दिसतेय."

"टिकेल."

काढायला वेळ नव्हता, आणि शिवण माझी होती. ती टेबलाशी बसली. मग वळून म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही एकच करा. काहीही करू नका."

आयुष्यात हे एकच काम मला कधी जमलेलं नाही. मी आधी खिडक्या बंद केल्या, कारण आमच्या खालीच रिक्षा स्टँड आहे. छताचा पंखा खट्‌खट् करतो म्हणून तो बंद केला. (मे महिना होता, हे सांगायला हवं.) दारावरच्या घंटीत फोमचा तुकडा कोंबला. वरच्या मजल्यावर जाऊन बोरस्ते काकूंना सांगून आलो की अकरा ते साडेअकरा मिक्सर लावू नका. मग स्वयंपाकघरात पाटावर बसलो आणि भिंतीपलीकडून गौरीचं इंग्रजी ऐकत राहिलो. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ती अडखळत नव्हती एवढं कळत होतं.

दहा मिनिटांनी कुठूनतरी घुंऽऽ असा आवाज सुरू झाला. हळूहळू वाढत गेला. मी चप्पल न घालता वर धावलो.

"काकू, मिक्सर बंद करा. मुलाखत चालू आहे."

"अहो, माझा मिक्सर दुरुस्तीला टाकलाय चार दिवस झाले."

"मग हा आवाज?"

काकूंनी कान लावला. "तुमच्याच घरातून येतोय."

आम्ही दोघं खाली आलो. दारात पोचलो आणि आवाज एकदम थांबला. मी काकूंना म्हणालो, "बघा, थांबला." तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. गौरी घामाने भिजलेली होती.

"पप्पा, बंद पडला."

आता जे लिहितोय ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा जे वाटलं ते हे की, चला, आता ही जात नाही. अर्धा सेकंद असेल. पण तेवढ्या अर्ध्या सेकंदात मी रात्रीच्या दोघांच्या भाकऱ्याही मनातल्या मनात थापल्या.

गौरीने लॅपटॉपच्या खाली हात लावला आणि झटकन मागे घेतला. "तवा झालाय हा. पप्पा, खाली काय घातलंय?"

"डबल फोम."

"आणि इथे जाळी होती, ती?"

"धूळ जाते त्यातून. म्हणून बंद केली."

"त्यातून गरम हवा बाहेर येते पप्पा."

काकू म्हणाल्या, "फ्रीजमध्ये ठेव पाच मिनिटं. मी माझा मोबाईल तसाच ठेवते."

"काकू, नको."

तिने मोबाईलवरून विद्यापीठात फोन लावला. दहा मिनिटांत परत या, असं तिकडून सांगितलं. दहा मिनिटांत माझी शिवण उसवायची होती. मी ब्लेड घेतलं. पहिलं ब्लेड मोडलं. दुसरं मोडलं. पंचवीस वर्षं जिची हमी दिली ती शिवण पहिल्यांदाच मला उसवायला हवी होती, आणि ती उसवत नव्हती. शेवटी काकूंनी भाजी चिरायची सुरी आणली, गौरीने लॅपटॉप धरला, मी कापलं, आणि 'गौरी' मधला 'री' उडाला तेव्हा कुठे कव्हर सुटलं.

चार वाट्या पालथ्या घालून त्यांच्यावर लॅपटॉप ठेवला. तो सुरू झाला, पण लगेच पुन्हा घुंऽऽ करू लागला. छताचा पंखा लावला तर खट्‌खट्. मी इकडेतिकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर सुनंदाचं सूप टांगलेलं होतं. सात वर्षांत ते कोणी उतरवलं नव्हतं. (त्यालाही कव्हर होतं. ते मी ओढून काढलं.)

पुढची वीस मिनिटं मी टेबलाखाली उकिडवा बसून सुपाने लॅपटॉपला वारा घातला. काकूंनी खिडक्या उघडल्या आणि खालच्या रिक्षावाल्यांना सांगितलं, "हळू बोला रे, आत मुलाखत चाललीये." ते इतक्या जोरात सांगितलं की हैदराबादला ऐकू गेलं असावं. रिक्षावाले मात्र खरंच गप्प झाले. वर गौरी बोलत होती. खाली माझे गुडघे बोलत होते. मध्येच एक साहेब काहीतरी म्हणाले, गौरी काहीतरी म्हणाली आणि तिकडे तीनचार माणसं हसली. माझा हात थांबला.

"पप्पा, थांबू नका," गौरी ओठ न हलवता म्हणाली.

संपल्यावर मला टेबलाखालून बाहेर काढायला दोघी लागल्या.

"मध्ये हसले कशाला ते?"

"त्यांनी विचारलं, सारखा सपसप आवाज कसला येतोय. म्हटलं, वडील आहेत, लॅपटॉपला वारा घालतायत."

"मग?"

"म्हणाले, त्यांना सांग, फक्त दोन प्रश्न राहिलेत."

काकू गेल्या. गौरी जमिनीवर बसून कापलेलं कव्हर उलटंसुलटं करून बघत होती. बघता बघता म्हणाली, "चार्जरचं भोक बरोबर सोडलंत. पेनड्राइव्हचं सोडलंत. इयरफोनचं पण सोडलंत."

"हं."

"जाळीच तेवढी राहिली?"

मोटारसायकलच्या टाकीला कव्हर शिवताना पेट्रोलचं झाकण उघडं सोडायला मी आजवर कधी विसरलेलो नाही. कव्हर बेतताना लॅपटॉप चालूच होता, त्या जाळीवर मी हात ठेवला होता, आणि गरम हवा हाताला लागली होती. धुळीचं कारण मला नंतर सुचलं.

"विसरलो," मी म्हणालो.

तिने कव्हर माझ्या हातात दिलं आणि चहा टाकायला उठली. चहात साखर दोन चमचे जास्त होती. मला तशी आवडते.

तिची निवड झाली. जुलैत गेली. लॅपटॉप उघडाच घेऊन गेली आणि मी स्टेशनवर त्याबद्दल एक शब्द काढला नाही, याचं तिला फार कौतुक वाटलं. तो उत्तम चाललाय म्हणे. बिजागरी एकदम घट्ट.

कव्हर इथेच आहे. त्याच्यात आता मी विजेची बिलं ठेवतो. पाठीवर नुसतं 'गौ' राहिलंय. आलेगेले विचारतात, हे काय. मी सांगतो, कंपनीचं नाव आहे.

ती रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करते. माझ्या मोबाईललाही मी कव्हर शिवलंय. पडद्यापुढे पारदर्शक प्लास्टिक, बाकी चहूबाजूंनी रेक्झिन. मला ती स्वच्छ दिसते. तिची खोली, तिच्या मैत्रिणी, मेसमधलं ताट. तिला माझ्याकडचा फक्त अंधार दिसतो. सातला मी बहुतेक कन्नड मालिकेसमोर पातेल्यातच जेवत असतो, तेही दिसत नाही.

"पप्पा, कॅमेऱ्याचं भोक?" ती परवा म्हणाली.

"विसरलो."

ती म्हणाली, "दिवाळीला येते, तेव्हा ब्लेड घेऊन येते."

मी म्हटलं, ब्लेडने होणार नाही, येताना चांगली आठ दिवसांची सुट्टी काढून ये. शिवण माझी आहे.