न जेवता गेलेली मावशी

आमच्याच शहरात झालेल्या भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी न जेवताच रिक्षात बसून घरी आले. सख्ख्या मावशीनं असं केलं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धाकट्या बहिणीनं बोलणं टाकलं. ताईच्या डोक्यात हवा गेली, असं ती नातेवाइकांत सांगत सुटली आणि मी सांगू दिलं. गर्विष्ठ म्हणवून घेणं परवडत होतं. खरं सांगणं परवडत नव्हतं.

खरं एवढंच होतं की मला लघवी थांबत नाही. शिंक आली, हसू आलं की कपडे ओले. त्या दिवशी वराच्या एका हौशी काकांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं माइकवर गायली, आणि मला हसू आवरलं नाही. पन्नाशीची बाई मागं पदर ओढून चोरासारखी मांडवाबाहेर पडली.

कित्येक वर्षं मी बाहेर जाताना पाणी पीत नसे. साड्या गडद रंगाच्या. बहिणीकडं दौलताबादला मुक्कामाला जाणं याच पायी सोडलं होतं, कारण तिच्याकडं संडास परसाच्या पार टोकाला. मी कामाच्या सबबी सांगायची.

दिवाळीला भाची माहेरी आली आणि मला साधा फोनही नाही. तेव्हा मला माझाच संताप आला. लघवीपायी बहीण घालवायची? औषधाच्या दुकानात मोठे पॅड मागितले. दुकानदार कागदात गुंडाळायला लागला. म्हटलं, राहू द्या, तसेच द्या. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि दौलताबादची बस धरली.

बहीण करंज्या लाटत होती. तिनं वर बघितलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लाटणं थांबलं.

"कधीपासून?"

"माझ्या धाकट्याच्या बाळंतपणापासून."

"माझी दोन्ही बाळंतपणं तू केलीस, ताई. माझी घाण काढलीस, तवा मी लाजले व्हते का? आन् मला सांगायला तुला लाज वाटली?"

तिचा राग गेला नव्हता, पण आता तो मला हवासा वाटत होता. दोघी रडलो.

आम्ही बाहेर आलो तोवर ओसरीवर तिची सासू आणि जावा येऊन बसल्या होत्या. सासूबाईंनी मला बघताच टोमणा मारला, "लग्नात आमचं जेवण गोड नाय लागलं वाटतं."

"तिला चक्कर आली व्हती," बहीण पटकन म्हणाली.

माझ्यासाठी ती खोटं बोलली. मला भरून आलं. पण पुन्हा लपायला मी एवढ्या लांब आले नव्हते.

"चक्कर नाही," मी म्हणाले. "मला लघवी थांबत नाही. त्या दिवशी साडी ओली झाली होती."

बहिणीनं माझा हात दाबला, आता बास म्हणून. मी पुढचंही सांगितलं, आजही पॅड लावूनच आलेय म्हणून. तिनं हात सोडला नाही.