आईची बोरमाळ

आमच्या घरात सोनं म्हणजे आईची बोरमाळ. बोरासारखे गोल मणी, वरून पातळ पत्रा, आत लाख. आजीने आईचं सूनमुख पाहिलं तेव्हा स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातली होती. आजीलाही तिच्या सासूकडून तशीच मिळालेली. दादाचं लग्न ठरल्यापासून आईचं एकच चाललं होतं, आता मी माझ्या सुनेच्या गळ्यात घालणार.

संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही, आणि मुलुंडच्या आमच्या चाळीतल्या खोलीत शब्द चालायचा तो दादाचा. कंपनीत कायम झाला होता ना, मग काय, आवाज चढलेलाच.

"हे गावठी कोण घालतं आता? आटवून झकास चेन करू, लॉकेटसकट."

"आत लाख आसा रे मेल्या," आई म्हणाली. "सोना नुसता वर."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

घ्या! लग्नापासून जिने ती गळ्यात वागवली तिला काय कळतंय! मी तोंड उघडलं तर म्हणाला, "तू गप गं, तुला दुसऱ्याच्या घरी जायचंय." आजही आठवलं की डोकं फिरतं माझं. बाबा पेपरात तोंड खुपसून बसले होते.

घाटकोपरच्या सोनाराने मणी चेपले, शेगडीवर लाख जाळली आणि उरलेला पत्रा मुशीत टाकला. निघाली वालाच्या दाण्याएवढी गोळी. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं, पण चुकलो म्हणेल तर शपथ! आईने डोळ्यांना पदर लावला आणि धूर झोंबला म्हणाली.

त्या गोळीची चेन झाली ती दोऱ्यासारखी. लॉकेट राहिलंच.

लग्नात सूनमुखाची वेळ आली. आईने नव्या वहिनीचं तोंड आरशात पाहिलं, तिला साखर भरवली आणि चेन गळ्यात घातली. वहिनीने ती बोटांनी चाचपली.

"आई, तुमची बोरमाळ कुठंय?" तिने हळूच विचारलं. "मला बघायला आलात तेव्हा घातली होती ना? मी घरी तेव्हाच सांगितलं होतं, ती मला मिळणार म्हणून."

शेजारी दादा फोटोवाल्याकडे बघून हसत होता.

"आटवली गं," आई म्हणाली. "तुझ्याचसाठी."